साठ रुपये माणशी आणि एक पांढरा फळा

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. आमचा करार मार्चपर्यंत आहे, आणि पुण्या-बंगळुरूच्या अशा दहा कंपन्या एकच माल वेगवेगळ्या वेष्टनात विकतात. कोटेशनवर ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट अँड करिअर ग्रोथ’ असं छापलेलं होतं. त्यात मोबाईलवरचं एक ॲप, दर पंधरवड्याला सर्व्हे आणि वर्षातून चार दिवस त्यांचा माणूस कारखान्यात. दर माणशी महिना ६० रुपये. आमची माणसं १४०, म्हणजे महिन्याला ८,४००. वर १८ टक्के जीएसटी, झाले ९,९१२. दहा महिने वापरून झालंय. सोलापुरात आणखी दोन-तीन कारखानदार हीच सेवा घ्यायच्या विचारात आहेत असं कानावर आलं, म्हणून लिहायला बसले.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात टाईम ऑफिस बघते. कार्डावर आता ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’ छापलंय, पण शेडमध्ये अजून टाईमवाल्या मॅडमच. हजेरी, पीएफ, ईएसआय, उचल, खाडे, भांडणं, सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडतं. सतरा वर्षं झाली.

ॲप आणलं धाकट्या मालकांनी. त्यांचं दुखणं खरं होतं. आम्ही पोरं तयार करतो, रॅपियर मागावर हात बसला की दोन वर्षांत ती सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातात, चाकण नाहीतर रांजणगाव गाठतात, आणि दिवाळीला येतात ते नवीन मोटारसायकल घेऊनच. मोठ्या मालकांचं मत वेगळं. “दिवाळीच्या आधी बोनस हातावर ठेवला की झालं. त्याच्यापुढं आणि काय एंगेज करायचं माणसाला?” पण सही धाकट्यांची चालते.

पहिल्या दिवशी कंपनीकडून एक तरुण आला. गळ्यात आयडी, हातात माईक. पॅकिंग हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं, कागदी कपांचे मनोरे रचायला लावले. “एंगेजमेंट म्हणजे काय?” असं त्यानं विचारल्यावर मागून आवाज आला, “कुणाची हाय? पोरगी कुठली?” सगळा हॉल हसला. तोही हसला, पण त्याला ते कळलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. आमच्याकडं एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा, कामात मन गुंतणं हा दुसरा अर्थ कुणाला माहीतच नाही. दोन तास शेड बंद राहिलं, मनोरे पडले, सामोसे झाले, तो रात्रीच्या गाडीनं गेला.

आता ॲपबद्दल.

ॲप चांगलं बनवलेलं आहे, ते नाकारत नाही. पटकन उघडतं, स्वस्तातल्या मोबाईलवर चालतं. पगाराची स्लिप त्यातच दिसते ही सोय मला सगळ्यात आवडली, कारण महिन्याच्या सात तारखेला माझ्या खिडकीशी लागणारी रांग निम्मी झाली. रजेचा अर्जही त्यातूनच येतो. ज्यासाठी पैसे मोजले त्यात हे दोन्ही येत नाही, ही गोष्ट वेगळी.

पैसे मोजले ते सर्व्हेसाठी. पंधरा दिवसांनी एकदा पाच प्रश्न, प्रत्येकापुढं पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मराठी पर्याय आहे, पण ते मराठी कुणी यंत्राकडून करून घेतलंय. ‘मला या संस्थेत माझा कारकीर्द मार्ग स्पष्ट दिसतो.’ आमच्या एका जुन्या जॉबरनं, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमानं, हे मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “मार्ग म्हणजे अक्कलकोट रोडच की. पुढं गेलं तर स्वामी समर्थ, मागं आलं तर घर.” तेलुगू पर्याय नाहीच. अक्कलकोट रोडला कारखाना म्हटल्यावर निम्मी माणसं पद्मशाली विणकर समाजाची, घरात तेलुगू बोलणारी. बोलायला मराठी फर्डं, पण बसून वाचायचं म्हटलं की नको वाटतं. विक्रीला आलेल्या माणसाला हे सांगितलं होतं. “पुढच्या व्हर्जनमध्ये येईल,” म्हणाला. दहा महिन्यांत दोन व्हर्जनं आली, बटणाचा रंग बदलला.

पहिल्या सर्व्हेचा आकडा आला ८७. धाकटे मालक खूष, व्हॉट्सॲपवर मेसेज, लाडू. मला शंका आली, कारण एकूण एक माणसानं उत्तर दिलं होतं आणि आमच्याकडं एकूण एक माणूस कशालाच हो म्हणत नाही. चौकशी केली तर काय, चहाच्या सुट्टीत पॅकिंगमधल्या एका पोराकडं सगळे मोबाईल जमा व्हायचे. तो पटापट हसरे चेहरे दाबायचा, एकतीस-बत्तीस जणांचे, बदल्यात त्याचा चहा फुकट. हेमिंगमधल्या, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, एका अक्कांना विचारलं, तुम्ही स्वतः का नाही भरत? त्या म्हणाल्या, “अंता बागुंदी म्हणून टाकायचं, संपलं.” सगळं छान आहे म्हणायचं. मी म्हटलं, अक्का, यात नाव येत नाही, खरं लिहा. त्यावर त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही: “नाव येत नाही तर तो ओटीपी कुणाला आला?”

कंपनीची पुस्तिका चाळताना विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकाचं नाव भेटलं. नोकरीतल्या एंगेजमेंटची चर्चा ज्याच्या १९९० च्या शोधनिबंधापासून सुरू झाली असं मानतात, तोच हा. त्यानं उन्हाळी शिबिरात मुलांना सांभाळणारे मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना फर्ममधली माणसं जवळून पाहिली, आणि माणूस कामात जीव कधी ओततो याच्या तीन अटी काढल्या. कामाला काही अर्थ वाटला पाहिजे, मनातलं बोलल्यावर अंगावर येणार नाही अशी खात्री पाहिजे, आणि अंगात-मनात तेवढं त्राण शिल्लक पाहिजे. पुस्तिकेत हे एका चौकटीत गुलाबी रंगात छापलंय. दुसरी अट ओटीपीपाशीच अडली, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

तिसऱ्या अटीची गंमत पुढं.

ॲपमध्ये शाब्बासकीचं बटण आहे. कुणी चांगलं काम केलं की त्याला ‘टाळी’ पाठवायची. शंभर टाळ्या झाल्या की ऑनलाईन खरेदीचं व्हाउचर. पहिल्या तिमाहीत सगळ्यात जास्त टाळ्या कुणाला पडल्या असतील? ज्याच्या खिशात तंबाखूची डबी कायम भरलेली असते त्याला. दुसरा नंबर एका जॉबरचा, जो दहा मिनिटं आधी सोडतो. व्हाउचर मिळालेल्यानं माझ्याकडं येऊन विचारलं, “मॅडम, ह्याचं पेट्रोल होतंय का?” होत नव्हतं. तिसऱ्या तिमाहीत टाळ्या बंद पडल्या. कुणी बंद केल्या नाहीत, आपोआप विरल्या.

आता लाल ठिपके. माझा सगळ्यात मोठा राग इथं आहे. ॲप हजेरीशी जोडलेलं असल्यामुळं जो वारंवार उशिरा येतो किंवा खाडा करतो त्याच्या नावापुढं लाल ठिपका लागतो, आणि धाकट्या मालकांच्या मोबाईलवर ‘डिसएंगेज्ड’ म्हणून यादी जाते. ऑगस्टमध्ये अशी २३ नावं गेली. मालकांनी मला बोलावलं, “यांच्याशी बोला, यांचं मन नाही कामात.” यादी हातात घेऊन मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. कुचन नगर, नीलम नगर, अशोक चौकाच्या मागचा भाग. तारखा बघितल्या, दर चार-पाच दिवसांनी एक. कॅलेंडर काढलं आणि हसू आलं. पाण्याचा दिवस! उजनी भरली तरी सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. बाई पहाटे तीनला उठून मोटर लावते, पिंप, घागरी, टाकी भरते, धुणं काढते, आणि सातच्या पाळीला सव्वासातला पोचते. ह्या बाईचं मन कामात नाही? तिच्या अंगात त्राण नाही. बंगळुरूच्या त्या संगणकाला नळ म्हणजे उघडला की पाणी एवढंच माहीत.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की बाईला एक तारासुद्धा द्यायचा नाही. थांबा.

सप्टेंबरच्या भेटीला माईकवाला आला नाही. त्याच्याऐवजी एक मुलगी आली. आदल्या रात्री पुण्याहून हुतात्मानं उतरून लॉजवर राहिलेली, सकाळी साडेसहाला गेटवर हजर. माईक नाही, फुगे नाहीत. मला म्हणाली, “मॅडम, हॉलमध्ये नको, मला शेडमध्ये बसायचंय.” कानात कापूस घालून दिवसभर मागांच्या मधल्या गल्लीत स्टुलावर बसली. ज्यांनी शेड पाहिलेलं नाही त्यांना सांगते, तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सगळा व्यवहार हातवाऱ्यांवर आणि ओठांवर. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला, मूठ फिरवली की बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपत आला. सर्व्हेत एक प्रश्न आहे, कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का. हा प्रश्न गॅलप नावाच्या अमेरिकन संस्थेच्या बारा प्रश्नांमधून उचललेला आहे, ते बारा प्रश्न जगभर वापरतात. आमच्याकडं त्याला कायम हसरे चेहरे पडतात आणि ते मात्र खरे असतात. निम्मे जण एकाच गल्लीतले, उरलेले एकमेकांचे मेहुणे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी बायकांच्यात बसली. कडक भाकरी, शेंगाचटणी, वरून दही. तिला कडक भाकरी मोडता येईना, अक्कांनी मोडून दिली. तिथं तिनं एकच प्रश्न सगळ्यांना विचारला: “ह्या कामानंतर इथं पुढचं काम कोणतं, आणि ते मिळायला काय यायला लागतं?” कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही, आणि मी सतरा वर्षं इथं आहे! हेल्परचा विणकर कसा होतो? जॉबरच्या मनात आलं की. विणकराचा जॉबर? एखादा जॉबर सोडून गेला की. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत घेणार. त्यांच्या आयुष्यात करिअर ग्रोथ एकच, बदलीचा परमनंट होणं. ते झाले, आणि पुढं काही वर्षांत गिरणीच बंद पडली. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिच्या त्या प्रश्नानं मला गेटवर डबा घेऊन उभे असलेले अण्णा दिसले.

संध्याकाळी तिनं मालकांकडं एक पांढरा फळा मागितला, सहा बाय चार फुटांचा. दुसऱ्या दिवशी तो शेडच्या दारात लागला. डावीकडं नावं, वर कामं. तुटलेला ताणा ओवून जोडणं. बीम चढवणं. डॉबीचं, म्हणजे मागावरच्या नक्षी काढणाऱ्या यंत्राचं, डिझाईन बदलणं. तेलपाणी. आणि आमचं खास काम, पाईल बसवणं. टॉवेलला दोन ताणे असतात, एक खालचा घट्ट, एक वरचा सैल. आडवे तीन धागे एकदम ठोकले की सैल ताण्याचे लूप उभे राहतात, तोच टॉवेलचा मऊपणा. लूप किती उंच ठेवायचा, ताण किती द्यायचा, हे हातानं कळायला लागतं, आणि ते आमच्याकडं चौघांनाच पक्कं येत होतं. प्रत्येक नावापुढं, प्रत्येक कामाखाली एक वर्तुळ, त्याचे चार भाग. शिकायलाय, तर एक भाग काळा. कुणी शेजारी असेल तर करतो, दोन. एकट्यानं करतो, तीन. दुसऱ्याला शिकवतो, चार.

हा काही त्या कंपनीचा शोध नव्हे. चाकणहून परत आलेला आमचा एक पोरगा बघून म्हणाला, “हे स्किल मॅट्रिक्स की मॅडम, तिकडं प्रत्येक लाईनला हाय.” असू दे. आमच्या दारात पहिल्यांदा लागला.

पहिल्या आठवड्यात फळ्यासमोर जी गर्दी व्हायची ती मी ॲपसमोर कधी बघितली नाही. पोरं येता-जाता आपलं वर्तुळ बघायची. “माझा तेलपाण्याचा अर्धाच का भरला बे? वर्ष झालं मी करायलोय.” जॉबरला उत्तर द्यावं लागायला लागलं, सगळ्यांच्या देखत. एकानं ड्युटी संपल्यावर थांबून बीम चढवणं शिकून घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं. ॲपच्या जाहिरातीत गॅलपचा आणखी एक आकडा असतो, टीमच्या एंगेजमेंटमधला ७० टक्के फरक हा वरच्या मॅनेजरमुळं पडतो. तो मोठ्या अक्षरात छापतात आणि मग मॅनेजरला सोडून कामगारांच्या हातात मोबाईल देतात. फळ्यानं जॉबरलाच उभं केलं.

भांडणंही झाली, लपवत नाही. एका जॉबरनं आपल्या भाच्याची वर्तुळं रात्रीत भरून टाकली. मार्कर माझ्या कपाटात ठेवायला लागला, आता वर्तुळ भरताना जॉबर, विणकर मास्तर आणि मी असे तिघं असतो. आणि पगाराचा प्रश्न आलाच. चार वर्तुळं पूर्ण भरली तर पुढं काय? नुसता काळा रंग? तीन महिने मी धाकट्या मालकांच्या मागं लागले. शेवटी ठरलं की एका पूर्ण वर्तुळाला महिन्याला ३०० रुपये. मोठे मालक दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

दोन पोरं वर्तुळं भरून झाल्यावर चिंचोळीच्या कारखान्यात गेली, जास्त पगारावर. धाकटे मालक म्हणाले, “शिकवलं आपण, नेलं त्यांनी.” खरं आहे. पण आधी पाईल बसवणारे चौघं होते, दोघं गेल्यावरही आज सात आहेत, हा हिशेब मी त्यांना कागदावर काढून दिला. आणि पुण्याला जायचं ठरवलेल्यांपैकी एक जण थांबलाय. का थांबलास विचारलं तर म्हणाला, घरच्यांनी लग्न ठरवलंय. फळ्याला फुकटचं श्रेय द्यायला नको.

पाण्याचं प्रकरणही त्या मुलीनंच सोडवलं, किंवा मला सोडवायला लावलं. लाल ठिपक्यांची यादी दाखवली, कॅलेंडर दाखवलं. ती म्हणाली, “मग बदलून का नाही घेत?” आता हेमिंगमध्ये भिंतीवर एक कागद आहे, कुणाच्या भागात पाणी कधी, आणि त्या दिवशी पाळी कुणाशी बदलायची. बायकाच लिहितात, बायकाच बदलतात. नोव्हेंबरच्या यादीत लाल ठिपके सहा. खर्च एक कागद, एक टाचणी.

एक गोष्ट मला फार बोचली, ती कंपनीवर ढकलता येणार नाही. शंभर किंवा जास्त कामगार असले की मालक आणि कामगारांची कार्यसमिती असावी, ही तरतूद मुळात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली. आमच्याकडं ती आहे. रजिस्टर माझ्याच कपाटात आहे, सह्या आहेत, ‘चहापानानंतर सभा संपली’ असं प्रत्येक पानावर आहे. पाण्याचा विषय तिथं केव्हाच निघायला हवा होता. जे काम या समितीचं, ते आम्ही माणशी साठ रुपयांनी विकत घेतलं, आणि तेही एक मुलगी बरी निघाली म्हणून मिळालं.

तेव्हा तारे असे. ॲपला पाचातले दोन, तेही पगाराच्या स्लिपसाठी. सर्व्हेला शून्य. माईकवाल्याला सामोशांमुळं एक. त्या मुलीला साडेचार, अर्धा कापला कारण पहिल्या फळ्यावर हेमिंगच्या बायकांची नावंच नव्हती, नुसते विणकर. अक्का फळ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “आमी काय भिंत हाय का?” दुसरा फळा डिसेंबरमध्ये आला. त्यावर साईड हेम, क्रॉस हेम, चेकिंग, पॅकिंग. अक्कांनी चेकिंगमध्ये दोन भाग भरलेत आणि तिसऱ्यासाठी रोज माझ्या खिडकीशी येऊन विचारतात.

घेणार असाल तर दोन गोष्टी करा. तेलुगू आणि कन्नडमध्ये सर्व्हे चालवून दाखवा म्हणावं, त्याशिवाय सही करू नका. आणि येणारा माणूस कोण, त्याला आधी भेटा, त्याचंच नाव करारात घाला. आमच्या करारात ‘एक प्रशिक्षित प्रतिनिधी’ एवढंच आहे, त्यामुळं पहिल्या दोन्ही वेळा माईकवालाच आला.

मार्चमध्ये नूतनीकरण आहे. ॲप नको, ती मुलगी महिन्यातून एक दिवस हवी, असं मी लिहून दिलं. धाकट्या मालकांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. तिकडून उत्तर आलं, तसा वेगळा दर नाही, ती पॅकेजसोबतच येते. शिवाय तिनं नोटीस दिलीय, पुढच्या महिन्यात दुसरीकडं जातेय. तिथं तिला पुढचा हुद्दा मिळायलाय म्हणे.